आक्षेपासह परत

अप्पांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करून मागची बाजू बघतात. लग्नपत्रिका, विजेचं बिल, गणपतीच्या वर्गणीची पावती, सगळ्यांना एकच न्याय. जिल्हा कोषागारात छत्तीस वर्षं काढली, त्याचा हा परिणाम. तिथे येणाऱ्या देयकाच्या पुढच्या बाजूला रक्कम असे आणि मागच्या बाजूला प्रमाणपत्रं, सह्या, शिक्के. रक्कम काय, कुणीही लिहील. माणूस कळतो तो मागच्या बाजूवरून, असं अप्पांचं ठाम मत आहे. आमच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका त्यांनी अशीच उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "निमंत्रक म्हणून चौघांची नावं आहेत, सही एकाचीही नाही."

प्रत्येक कॉलनीत असे एक अप्पा असतात. निवृत्त तहसीलदार वर्षभर स्वतःला तहसीलदार समजतो, मग बिचारा निवळतो. हेडमास्तर शिकवणी काढतो. फौजदार भाजीवाल्याशी भांडून हौस भागवतो. ट्रेझरीतला माणूस मात्र निवृत्त होतच नाही, फक्त खिडकीची बाजू बदलतो. आधी आत बसून लोकांची पेन्शन तपासायची, मग बाहेर बसून स्वतःची.

या लोकांची कोषागारातली ख्याती काय असते, ते मास्तरांना विचारा किंवा सरकारी दवाखान्यातल्या कारकुनांना. देयक गेलं की लेखाशीर्ष बरोबर आहे का, अनुदान शिल्लक आहे का, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही नमुना सहीशी जुळते का, रक्कम अंकी आणि अक्षरी सारखी आहे का आणि शेवटी 'फक्त' लिहिलंय का, हे सगळं बघायचं. एक जरी चुकलं तरी 'आक्षेपासह परत'. अप्पांबद्दल तक्रार अशी होती, की त्यांना पाच चुका दिसत पण लिहीत एकच. ती दुरुस्त करून आणली की दुसरी. एकदा धीर करून मी त्यांना हे विचारलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "पाचही एकदम लिहिल्या तर माणूस घाबरतो रे."

हसू येतं खरं, पण राज्याच्या तिजोरीचं दार नेमकं कुठे आहे हे मला अप्पांमुळेच समजलं. अर्थमंत्र्यांचं भाषण झालं, बाकं वाजली, म्हणजे पैसे निघाले असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे राज्याचा सगळा महसूल आणि काढलेली कर्जं एकत्रित निधीत जातात आणि कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय त्यातला छदामही बाहेर काढता येत नाही. हे संविधानात लिहून ठेवलं मोठमोठ्या माणसांनी. पाळायचं काम तालुक्याच्या उपकोषागारात, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, पाच चुकांपैकी एकच लिहिणाऱ्या माणसाकडे आलं. त्याच्यावर चिडणारे आपण, आणि एखाद्या खात्यात बोगस बिलं निघाली की "ट्रेझरी झोपली होती का?" विचारणारेही आपणच.

निवृत्तीनंतर अप्पांनी ही शिस्त घरात आणली. मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर घरचा मांडतात. प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, तेही सरकारी. औषधांच्या डब्यावर २२१० लिहिलंय. धान्याच्या पिंपावर २४०८, म्हणजे अन्न, साठवण व वखार. घराच्या कर्जाचे हप्ते होते तोवर त्यातल्या व्याजाची फाइल २०४९. आणि ज्या पासबुकात पेन्शन जमा होते, त्याच्या वेष्टनावर लाल शाईत २०७१. घरात नवीन आलेल्या माणसाला हे कुलुपाचे आकडे वाटतात. एका इस्त्रीवाल्याने ते तसे वापरूनही पाहिले होते म्हणे, पण ही अप्पांची बाजू झाली. इस्त्रीवाल्याची मी ऐकलेली नाही.

काकू पहिली दोन वर्षं नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी नियम वाचले.

अप्पांना वाटलं होतं, एकदा मंजुरी झाली की वर्षभर शांतता. पण विधिमंडळात पुरवणी मागण्या असतात, हे काकूंनी शोधून काढलं. पावसाळी अधिवेशनात एक यादी आणि हिवाळी अधिवेशनात दुसरी. लेक नागपूरला दिलेली असल्याने डिसेंबरातली यादी रीतसर नागपुरातच सादर होते, जावयाच्या साक्षीने. मग पुनर्विनियोजन. दुरुस्तीच्या शीर्षाखाली पैसे उरलेत, साडीच्या शीर्षाखाली कमी पडतायत, तर तिकडचे इकडे. अप्पांनी हरकत घेतली, तेव्हा काकूंनी विचारलं, "मागणी एकच आहे ना? 'गृह'. मग मागणीच्या आत फिरवता येतं." अप्पा गप्प, कारण ते खरंच तसं असतं. पण काकूंचा खरा डाव पुढे आहे. खर्चाचे दोन प्रकार असतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर सभागृह मतदान करतं. कर्जावरचं व्याज, न्यायाधीशांचे पगार हे भारित, त्यावर चर्चा करा पण मतदान नाही. काकूंनी आपली गुडघ्याची औषधं, भिशी आणि दुपारचा चहा भारित जाहीर करून टाकला.

आणि ३१ मार्च. सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेर म्हणजे काय असतं, ते ज्याने पाहिलं त्याने पाहिलं. वर्षभर निधी नाही म्हणून रडणाऱ्या खात्याला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम अनुदान येतं, ते रात्री बारापर्यंत खर्ची पडलं नाही तर व्यपगत. मग टेबलं येतात, खुर्च्या येतात, प्रिंटर येतात, कोषागारात मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात आणि देयकांचे गठ्ठे घेऊन शिपाई जिन्यावर झोपतात. अप्पांना त्या रात्रीचा अभिमान आहे. एका वर्षी किराण्याच्या शीर्षाखाली काही रक्कम शिल्लक राहिली. खरं तर शिल्लक आधीच समर्पित करायची असते, पण काकूंना ते मान्य नव्हतं. ३१ मार्चच्या संध्याकाळी त्या बाजारात गेल्या आणि रिक्षातून उतरल्या त्या पोत्यासकट. जिरं. दिवाळीपर्यंत त्या घरात जिऱ्याशिवाय पदार्थ झाला नाही, आम्हालाही ताकात, भातात, चिवड्यात तेच. अप्पांनी बिल उलटून, सुलटून तीनदा तपासलं. तारीख त्याच वर्षातली, शीर्ष बरोबर, दुकानदाराची सही आहे, 'फक्त'ही लिहिलेलं. निर्दोष. पारित करावं लागलं.

करांबद्दल अप्पांची श्रद्धा हळवी आहे. ते मूळचे तासगाव तालुक्यातले. विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिचा पहिला प्रयोग तासगाव भागात झाला, हे ते पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबर सांगतात. १९७२च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पसरली आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर आला. तुमच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, ते हेच. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, बेरीज अडीच हजार, कारण अनुच्छेद २७६ने कमाल मर्यादाच अडीच हजारांची घातली आहे. वर्षातला सगळ्यांत छोटा महिना सगळ्यांत महाग का, असं माझ्या पुतण्याने विचारलं होतं. अप्पांनी त्याला संविधान दाखवलं. मला यात अप्पांचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं, की कर कापला गेल्यावर तो कुठे गेला हे शोधणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आपण बाकीचे कापला गेला एवढंच लक्षात ठेवतो. मात्र २२ सप्टेंबर २०२५ला बिस्किटांवरचा जीएसटी १८वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा सकाळी सात वाजता दुकानाच्या शटरसमोर पिशवी घेऊन उभे असलेले गृहस्थही अप्पाच होते.

आता त्यांच्या आयुष्यातलं दुःख. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख लावली १ जून. तेव्हा सगळ्यांचीच १ जून लावत. त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मे रोजी अर्धी कचेरी निवृत्त होते, आणि सत्काराचे नारळ त्या दिवशी महागतात. अप्पा १ जून १९५२चे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जातो, म्हणून ते ३१ मे २०१०ला गेले. गुरुजींनी २ जून लिहिली असती तर ३० जूनला गेले असते. म्हणजे महिन्याभराचा पगार जास्त. पण तेवढ्यावर थांबत नाही. सहाव्या वेतन आयोगापासून सगळ्यांची वेतनवाढ १ जुलैला. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभर राबून वाढीच्या आदल्या दिवशी घरी जायचं, हा अन्याय म्हणून लोक न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वर्ष भरलंय ना, मग वाढ द्या. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. एक दिवस. गुरुजींनी लेखणी एक घर पुढे सरकवली असती, तर तहहयात एक वेतनवाढ. गुरुजींचा फोटो अजून त्यांच्या देवघराशेजारी आहे, हार मात्र तेव्हापासून बदललेला नाही.

दुःख सांगितलं, आता सण. जून २०२५मध्ये अप्पांनी कॉलनीत पेढे वाटले. नातवाला नोकरी लागली असेल म्हणून आम्ही अभिनंदन केलं. म्हणाले, "अंशराशीकरण संपलं!" निवृत्त होताना पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला विकता येतो. एकोणसाठाव्या वर्षाचा गुणक ८.३७१. त्याला बाराने गुणा, म्हणजे दरमहा एक रुपया सोडलात तर आज साधारण शंभर रुपये हातात. आणि तो रुपया पंधरा वर्षं, एकशेऐंशी महिने, कापला जातो. मग पुन्हा सुरू. अप्पांनी त्या रकमेत घराचं कर्ज फेडलं आणि मग पंधरा वर्षं रोज सरकारला शिव्या दिल्या, की शंभर देऊन एकशेऐंशी घेतोस. वसुली बाराव्या वर्षी थांबवा, असं पेन्शनरांच्या संघटनाही म्हणतात. पण पंधरा वर्षांच्या आत माणूस गेला तर उरलेली वसुली सोडून दिली जाते, ही बाजू अप्पा सांगत नाहीत. ती काकूंनी सांगितली, पेढे देताना. "मधेच काही झालं असतं तर फायद्यात होतो," त्या म्हणाल्या, आणि अप्पांनी मान डोलावली. हिशेबाने ते बरोबरच होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर अप्पा राज्याचं बघतात. २०२५-२६च्या अर्थसंकल्पातली महसुली तूट ४५,८९१ कोटी, हा आकडा ते आपल्या रक्तदाबासारखा सांगतात, कुणी न विचारता. महसुली तूट म्हणजे रस्ते-धरणं बांधायला कमी पडलेले पैसे नव्हेत, रोजचा संसारच भागत नाही, म्हणून उसनवारी. राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. आणि अशात लाडक्या बहिणींना ३६,००० कोटी! "रेवड्या वाटतात," अप्पा म्हणतात. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचा त्या योजनेचा अर्ज जुलै २०२४मध्ये कुणी भरला? अप्पांनी. आधारशी बँक खातं जोडलंय का ते बँकेत जाऊन बघितलं, उत्पन्नाचा कागद जोडला, मागची बाजू तपासली. गल्लीत सगळ्यांत आधी मंजूर झालेला अर्ज तो. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "विरोध धोरणाला आहे. अर्जाला कशाला?"

कट्ट्यावर बसणारा द्राक्षबागाईतदार म्हणतो, कर्जमाफी हा हक्क आहे आणि पेन्शन ही चैन. आयटीतला पोरगा म्हणतो, बारा लाखांपर्यंत आयकर नाही हा न्याय झाला, पण शेतकऱ्याला कर का नाही? एमआयडीसीत शेड असलेल्यांना विजेची सवलत ही सवलत वाटतच नाही. प्रत्येकाच्या ताटातली ती रेवडी आणि आपल्या ताटातला तो प्रसाद. अप्पा याला अपवाद नाहीत, फक्त त्यांच्याकडे शासन निर्णयाची प्रत असते. 'सेनिवे'ने सुरू होणारा प्रत्येक जीआर त्यांच्याकडे लॅमिनेट करून आहे. आणि सगळ्यांचं म्हणणं ऐकून झालं, की ते खिशातून कागद काढतात, करोनात गोठवलेल्या महागाई भत्त्याचा. जानेवारी २०२० ते जून २०२१, अठरा महिने. राज्यावर कर्ज किती, हे अप्पांना तोंडपाठ आहे. त्या कर्जात स्वतःचे अठरा महिने धरले जात नाहीत, हा त्यांचा आक्षेप आहे.

खरी पंचाईत जावयाने केली. तो सरकारी तंत्रनिकेतनात २००७ साली लागला. म्हणजे १ नोव्हेंबर २००५च्या अलीकडचा. त्या तारखेपासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकार आपला हिस्सा घालणार, पैसा बाजारात जाणार आणि शेवटी जे येईल ते. मार्च २०२३मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संप झाला, तेव्हा जावई नागपुरात घोषणा देत होता आणि इकडे अप्पा कट्ट्यावर समजावत होते, की माणसं ऐंशी-नव्वदपर्यंत जगतात, पगार आणि पेन्शन आणि व्याजातच तिजोरी रिकामी होते, जुनी योजना राज्याला झेपणार नाही. हे कुणीतरी नागपूरला कळवलं. रात्री फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हालाही ऐकू आला.

"अप्पा, आमची झेपत नाही, मग तुमची कशी झेपते?"

अप्पांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "माझी झेपते असं कोण म्हणालं? माझी थकबाकी आहे!"

पुढे २०२४मध्ये केंद्राने एकीकृत योजना काढली, पंचवीस वर्षं नोकरी केली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. तेव्हा अप्पांनी रात्रभर बसून जावयासाठी दोन्ही योजनांचा तुलनात्मक तक्ता केला. सतरा रकाने. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'शेरा', आणि त्यात जावयाच्या नावापुढे लिहिलं, 'सेवा अपुरी. थांबावे.'

नोव्हेंबर हा अप्पांचा महिना. हयातीच्या दाखल्याचा. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सरकारला कळवावं लागतं, नाही तर पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या आपल्या नावापुढे सही करायची. वर आणि खाली कुणाच्या सह्या झाल्या नाहीत यावरून गावातली बातमी कळायची. नोव्हेंबर २०१४पासून डिजिटल जीवन प्रमाण आलं, बोट ठेवायचं. पण ज्या हातांनी चाळीस वर्षं खडू धरला किंवा खोरं ओढलं, त्या बोटांवर रेषा उरत नाहीत, यंत्र ओळखत नाही. आता चेहऱ्यावरून होतं. फोनसमोर बसायचं आणि पापणी लववायची. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी अप्पा स्वतः फोन घेऊन जातात. गल्लीच्या टोकाला नव्वदी ओलांडलेल्या एक निवृत्त परिचारिका आहेत. मी एकदा बरोबर होतो. अप्पा ओरडत होते, "आजी, पापणी लववा!" आजी ऐकू न आल्याने डोळे वटारून बघत होत्या. चौथ्या वेळी त्यांनी वैतागून डोळे मिटले. अप्पा म्हणाले, "उघडा, उघडा! मिटलेले चालत नाहीत." दाखला निघाला. अप्पांनी त्याची प्रत काढली, उलटी करून पाहिली आणि मागची बाजू कोरी आहे म्हणून हळहळले.

या आजींमुळे असेल, पण अप्पांनी अलीकडे पुढचा हिशेब मांडलाय. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ, पुढे दर पाच वर्षांनी चढती, शंभरीला थेट दुप्पट. म्हणजे पहिला टप्पा जून २०३२. उलट बाजूला ते गेले तर काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार तीस टक्क्यांनी. पन्नासाचे तीस. "माझं मरण या घराला परवडत नाही," असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि या विषयावर मी ऐकलेलं ते सगळ्यांत प्रेमाचं वाक्य आहे.

तरीही नियमाप्रमाणे तयारी हवी. कपाटात एक लिफाफा ठेवलाय, 'मी गेल्यावर' असा मथळा घालून. त्यात कामं क्रमाने लिहिली आहेत. एक, त्याच दिवशी बँकेस व कोषागारास कळवणे, कारण पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतच देय असते, पुढची जमा झाली तर अतिप्रदान, आणि अतिप्रदानाची वसुली होते. दोन, मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती. तीन, कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, त्याचा अर्ज भरून ठेवला आहे, फक्त सही करणे. चार, नातेवाइकांना कळवणे.

त्यांनी तो काकूंना वाचायला दिला. काकूंनी चष्मा लावला, कागद आधी उलटा केला, मग सुलटा, आणि भाजीच्या यादीचं पेन घेऊन समासात काहीतरी लिहून परत त्यांच्या हातात ठेवला. अप्पांनी वाचलं. लिहिलं होतं, 'दिनांक नमूद नाही. परत.'

"पेनाने लिहिलंस होय?" अप्पा म्हणाले. "आक्षेप लाल शाईत लिहायचा असतो."